एकादशीचं आईस्क्रीम

२० मार्च १९६७

वसईचं कॉन्व्हेंट, जिन्याखालची जागा. जयवंती आणि मी, वय अकरा. सिस्टरने नाताळला दिलेला चॉकलेटचा तुकडा माझ्या मुठीत वितळत होता, तिच्या खिशात भाजलेले शेंगदाणे. "दोन्ही एकदम तोंडात टाक, वत्सू. आणि डोळे मीट!" सत्तेचाळीस वर्षं झाली.

हे आठवलं कारण आज तिचं पत्र आलं. शिरगावला एकटीच असते. लिहिते, "तुझी खोली तिसऱ्यांदा झाडून ठेवली आहे. आता तरी ये." कमलाकांतला वाचून दाखवलं. म्हणाला, "मुलगा असताना आई मैत्रिणीकडे राहणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

पत्र उशीखाली ठेवलं.

२२ मार्च. एकादशी

कॉलनीतल्या हॅन्सनबाईंची शिकवणी. नवरा वीजकेंद्राच्या कामावर इंजिनिअर. हिला स्वयंपाकघरातल्या भागीशी बोलता यावं म्हणून मराठी शिकायचंय. मागचा धडा होता उपासाचा. काय चालतं, विचारलं. दूध, साखर, साबुदाणा, शेंगदाणे, मी सांगितलं.

आज गेले तर व्हरांड्यात लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा. भोवती बर्फ — मासळीच्या ट्रकवाल्याकडून मागून आणलेला, भुसा लागलेला — आणि वर मूठमूठ खडेमीठ. भागी दांडा फिरवत होती. "आजी, माजा हात मोडला! कवाचा फिरवते, ह्या बाईचा दूद काय घट होत नाय."

हॅन्सनबाई शब्द जुळवत म्हणाल्या, "शेंगदाणे. दूध. साखर. तुमच्या उपासाला!" अमेरिकेहून आलेली बरणी दाखवली — तेल सुटेपर्यंत वाटलेलं दाण्याचं कूट, लोण्यासारखं. ते दुधात कालवलेलं, आणि चॉकलेटही. चॉकलेटला कुठल्या पोथीत मनाई आहे?

पहिल्यांदा लागलं मीठ! मग खमंग दाणा. मग टाळूला चिकटलं, गिळता येईना, आणि हळूहळू चॉकलेटचा कडवटपणा वर आला. मी डोळे मिटले. जिन्याखाली होते.

दोन वाट्या खाल्ल्या. भागीने बोट चाटलं. "थंड लाडू हाय ह्यो!"

२३ मार्च

आमची सुलू काल मला न्यायला आली होती. नऊ वर्षांची नात, खोटं बोलता येत नाही. आज जेवताना म्हणाली, "आजी, त्यात चार अंडी होती. मी टरफलं पाहिली."

सुनेच्या, नलूच्या, हातातला डाव खाली पडला. "एकादशीला अंडं? आई, अहो!"

"त्या बिचारीला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं."

"आता झालं ना ठाऊक?" कमलाकांत.

"झालं. छान होतं."

हे मात्र बोलायला नको होतं. पण छान होतंच! फर्मान निघालं — कॉलनीत जाणं बंद, पुढच्या पाच एकादश्या निर्जळी. माझ्याच पोटचा पोर, माझाच देव, आणि हिशेब मागायला हा मध्ये!

२४ मार्च

देवापुढे बसले. तो रागावलेला वाटला नाही.

२५ मार्च

कमलाकांतने माझी छत्री कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप. म्हणे, उन्हात बाहेर पडायला नको. पदर डोक्यावर घेतला आणि गेले.

अंड्याचं कळल्यावर हॅन्सनबाई रडायलाच लागल्या. "मी वाईट केलं. आता बिनअंड्याचं करते." म्हटलं, अजिबात नाही. होतं तसंच करा. त्यांनी केलं, मी बसून खाल्लं. निघताना त्यांनी बरणी माझ्या हातात कोंबली.

घरी दारातच कमलाकांत. "या घरात राहायचं तर या घराच्या रीतीने राहावं लागेल, आई."

"बरं," म्हटलं.

ऐकलं, असं त्याला वाटलं.

२८ मार्च

माझ्यामागे कुणी भांडू नये म्हणून लिहून ठेवते.

देव्हारा आणि चांदीचं ताम्हण नलूला. माझ्याहून नीट सांभाळील.

इंग्रजी डिक्शनरी आणि शिवणाचा डबा सुलूला. तिला कुणी रागावू नये, पोरगी खरं बोलली.

निळी शाल भागीला.

छत्री कमलाकांतला. कपाटातच आहे.

दाण्याच्या लोण्याची बरणी जयवंतीला. आणि मी पण. सकाळच्या एस.टी.ने.