न उघडलेल्या खोक्याचे कलम

मी, खाली सही करणारी, धंदा पुस्तकबांधणी, आता निवृत्त, नवऱ्यामागे एकटी राहणारी, कोणाच्याही दबावाला, आर्जवाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांविषयी त्यांनी वेगळा कागद दिला. बारीक, वरचे आवाज हळूहळू जाणार आणि त्यावर इलाज नाही, असे त्यात म्हटले आहे. तोही जोडा म्हटल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "त्याचा इथं काय संबंध?" शेवटच्या कलमापर्यंत धीर धरला तर संबंध कळेल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, आणि पुन्हा करण्याची हौस नाही.

कलम १. माझे राहते दोन खोल्यांचे घर माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावे. ते तिने ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे, माझे काही म्हणणे नाही. मात्र स्वयंपाकघरातला नळ डावीकडे जोराने रेटल्याशिवाय बंद होत नाही, हे पुढच्या माणसाला सांगणे तिच्यावर बंधनकारक राहील.

कलम २. बँकेतली ठेवही तिचीच.

कलम ३. माझी बांधणीची हत्यारे, म्हणजे पुस्तके दाबायचा लोखंडी प्रेस, दाभण, सुया, सरसाचे भांडे आणि घडी दाबायची हाडाची पट्टी, ग्रंथालयात माझ्या जागी आलेल्या बाईंना द्यावीत. त्यांनी आल्या आल्या माझ्या हातचे एक पुस्तक उसवून पुन्हा शिवले होते. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडायला म्हणून गेले, पुस्तक हातात घेतले, आणि शिवण माझ्यापेक्षा सरळ निघाली. पुस्तक जागेवर ठेवून परत आले. हत्यारे त्यांनाच शोभतील.

कलम ४. पुढच्या खोलीतली लाकडी तिपाई, तिच्यावरच्या कपाच्या गोल डागासकट, माझ्या धाकट्या दिरांना द्यावी. दीर घरात आले की आधी विचारीत, "काय वहिनी, भोंगा वाजतोय का अजून?" आणि चहाचा गरम कप सरळ स्पीकरवर ठेवीत. पाहुण्याला बोलायचे कसे? म्हणून त्यांच्या थोरल्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, ही तिपाई स्वतः ठोकली आणि त्यांच्या हाताशी येईल अशी ठेवली. ती केवळ त्यांच्या कपासाठी होती, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेले नाही. आता कळेल. तिपाई त्यांनी मानाने न्यावी, भावाच्या हातची आहे.

कलम ५. गाणे ऐकायची यंत्रेही लेकीची. या कलमाला वेळ लागेल, वाचणाऱ्याने बसून घ्यावे.

आमचे हे घड्याळे दुरुस्त करीत. लग्नानंतर आम्ही घरात आणलेली पहिली हौसेची वस्तू म्हणजे जुना रेकॉर्ड प्लेअर. त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा. ह्यांना वाटले, नवे यंत्र आणावे. दुकानदार तर एक मागितले की तीन गळ्यात घालणारा. मी म्हटले, "अहो, आधी ते कपाट हलवून बघा." कपाट हलवले, पडदा जाड लावला, खाली गालिचा टाकला, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, आणि एक छदाम न देता आवाज निम्मा सुधारला. तिथून आमची पद्धत ठरली. आधी खोली, मग यंत्र. एका वेळी एकच बदल. तो केल्यावर ऋतू पालटेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. मी सरस सुकायच्या आत पुस्तक उघडत नसे, तर हे जुळवून झालेले घड्याळ दिवसच्या दिवस नुसते टांगून ठेवीत. आम्हा दोघांना वाट पाहण्याचे कष्ट कधी वाटले नाहीत.

ऐकायची रेकॉर्डही एकच. एक बाई गातात, बरोबर एकच तंतुवाद्य, बाकी काही नाही. ऐकायची खुर्चीही एकच, कारण दोन्ही स्पीकरांचा आवाज बरोबर जुळतो अशी जागा खोलीत एकच आहे. यंत्रे खुर्चीच्या पाठीमागे फळीवर. खुर्चीत मी बसायची आणि मागे हे काय करताहेत ते बघायचे नाही, असा नियम. कधी कधी काहीच न बदलता नुसती खुडबुड करीत आणि विचारीत, "आता?" मी "छान झालं की" म्हटले की हे आठवडाभर हसत. ते हसू मला आता कोणत्याही स्पीकरमधून ऐकू येत नाही. संध्याकाळी खुर्चीत बसते, आणि रेकॉर्ड संपली तरी पाठीमागून कोणी "आता?" विचारील म्हणून तशीच बसून राहते.

कलम ५ चालू. लेकीला नोकरी लागली आणि पहिल्या पगारातून तिने बाबांसाठी ॲम्प्लिफायर घेतला. आम्ही दोघे बाहेरगावी गेलो होतो. तेवढ्यात तिने तो फळीवर बसवला, सगळ्या वायरी नव्या घातल्या, स्पीकर दुसऱ्या भिंतीशी नेले आणि गालिचा गुंडाळून ठेवला. आम्ही दारात पाऊल टाकले तर ही उभी, चेहऱ्यावर हसू मावत नव्हते. "बाबा, बसा. काही बोलू नका, बसा." रेकॉर्ड फिरायला लागली. बाईंनी तोंड उघडायच्या आत ह्यांनी उठून सुई उचलली.

"चार गोष्टी एकदम बदलल्यास गं बाळा. चांगलं झालं तर कशानं झालं, ते कळायचं कसं?"

"कळायला कशाला हवं? चांगलं झालं, एवढं पुरे नाही का?"

"एकेक लावू. आधी गालिचा जागेवर, मग स्पीकर, मग वायरी. तुझं मशीन त्यानंतर."

तिने माझ्याकडे पाहिले. "आई, तू तरी सांग ना."

मी म्हटले, "पद्धत ती पद्धत."

ती वायरी सोडवू लागली. सोडवता सोडवता एवढेच म्हणाली, "या खोलीत खुर्ची एकच आहे. आणि ती कधीच माझी नव्हती." वर्ष उलटायच्या आत तिने लांबची बदली मागून घेतली. तेव्हापासून दर रविवारी फोन येतो. औषध घेतलं का, पायाची सूज उतरली का, पाणी येतं का. यंत्राचा विषय काढला की म्हणते, "आई, ते नको. दुसरं काही असेल तर बोल." माझा स्वभाव आहे तिच्यात. एकदा दार लावले की आतून कडी.

आता तिला माहीत नसलेली गोष्ट लिहिते. पद्धतीप्रमाणे तिच्या ॲम्प्लिफायरची पाळी आली. मी खुर्चीत, हे मागे. बाईंची पहिली ओळ संपली, दुसरीच्या आधी त्या श्वास घेतात तो आला, आणि त्या श्वासाच्या मागे, डाव्या बाजूला, कोणीतरी हलकेच "हं" म्हणाले. वाद्य वाजवणारा असेल. दाद असेल, किंवा नुसते कळल्याचे सांगणे. इतकी वर्षे ती रेकॉर्ड वाजवली, तो "हं" आम्हाला एकदाही ऐकू आला नव्हता. मी म्हटले, "अहो, इकडे या. बसा इथे." त्यांना बसवून मी सुई पुन्हा मागे ठेवली. ह्यांनी ऐकले आणि चष्मा काढून हातात धरला. मग म्हणाले, "एवढी वर्षं आपल्या घरात एक माणूस बसला होता, आणि आपल्याला पत्ता नाही."

मी लगेच फोनकडे निघाले. त्यांनी अडवले. "फोनवर नको सांगूस. फोनमध्ये कसला आवाज? तिला इथं बसवीन आणि ऐकवीन." तो ॲम्प्लिफायर त्यानंतर फळीवरून हललेला नाही. पुढे सुई बदलली, वायरी बदलल्या, पण त्याला हात लावायचे ह्यांच्या मनातही आले नाही. पाहुण्यांना सांगत, "हे आमच्या लेकीचं." शेवटचा बदल म्हणून ह्यांनी नवे स्पीकर मागवले आणि सांगून ठेवले, "खोकं आलं तरी उघडायचं नाही. ते तिच्या हातनं उघडायचं."

तिला रजा मिळायच्या आत हे गेले. दुकानात, काम करता करता, भिंग डोळ्यालाच होते. खोके आले तेव्हा सही मी केली. लेक आली, सगळे निस्तरले, मला जेवू घातले, माझ्या कुशीत झोपली. मी फळीवर चादर टाकली होती, घर दुःखात होते म्हणून. ती त्या फळीकडे पाठ करून बसली आणि तशीच गेली. चादरीखाली तिचेच यंत्र होते.

नंतर पुष्कळदा पत्र लिहायला बसले. दुसऱ्या ओळीतच माझी भांडणे उतरायची, की मी फाडून टाकायची. कायद्याच्या भाषेत रुसवाफुगवा फारसा मावत नाही, म्हणून हे इथे लिहिले आहे. पद्धत बरोबरच होती, हे मी आजही म्हणते. पण त्या दिवशी एक ओळ ऐकून घेतली असती तर पद्धत काही मोडून पडली नसती.

कलम ६. खुर्ची लेकीला.

कलम ७. खोके. ते पुढच्या खोलीत खिडकीखाली आहे, चिकटपट्टी जशीच्या तशी. ह्यांचा दुकानातला छोटा स्क्रूड्रायव्हर त्याच्यावर ठेवला आहे. स्पीकर लेकीने स्वतः जोडावेत. जुने काढून नवे, एवढाच बदल करावा. गालिच्याला हात लावू नये. आणि वाटलेच, तर लावावा.

वरची सर्व कलमे मी गेल्यावर अमलात यावीत. हे कलम मी असताना अमलात यावे. वकीलसाहेब म्हणाले, "असं कलम मृत्युपत्रात बसत नाही." मी म्हटले, बसत नसेल तर उभे राहू दे. त्यांनी या दस्ताची नक्कल आजच लेकीला टपालाने पाठवायची आहे, आणि तसे त्यांनी कबूल केले आहे. फोनवर तिने मला गप्प केले, कागदाला कशी करील?

कानांच्या दाखल्याचा संबंध तो असा. डॉक्टरांनी मुदत सांगितली नाही. सध्या बाईंचा श्वास ऐकू येतो, मागचा "हं" कधी येतो, कधी नुसता आल्यासारखा वाटतो. बाळा, तो पुरता जायच्या आत ये. खुर्चीत तू बस. मागे मी उभी राहीन आणि "आता?" विचारीन. तुला ऐकू आला की मान हलव, म्हणजे मलाही कळेल.

हे सर्व मी वाचून, समजून, पटल्यावर सही केली आहे.

सही : (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार पहिले : समोरच्या दारचे निवृत्त पोस्टमास्तर. बाईंनी आमच्यासमक्ष, शुद्धीत, स्वखुशीने सही केली. रेकॉर्ड चालू होती, ती संपेपर्यंत आम्हाला पेन दिले नाही.

साक्षीदार दुसऱ्या : खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू. वरील बरोबर आहे. आम्हाला "हं" ऐकू आला. बाईंनी दोनदा विचारले, आम्ही दोनदा सांगितले.

ठिकाण : राहते घर, पुढची खोली. खुर्ची रिकामी ठेवून, शेजारच्या स्टुलावर बसून.

दिनांक : वकीलसाहेबांच्या शिक्क्यात आहे तो. वार रविवार, लेकीचा फोन यायच्या आधी.