यमुनाक्का, आता आम्ही बाजारात पाणी पितो

प्रिय यमुनाक्का,

आज तुझ्या जागेवर तुझी सून बसली. तू गेल्यापासून ती जागा रिकामीच होती. कुणी बसत नव्हतं आणि कुणी बसू देतही नव्हतं. आज सकाळी लता जीपमधून उतरली, मिरचीची पोती ओढत आणली आणि मला विचारलं, मी इथे बसू का? मी हो म्हटलं आणि मेथीच्या जुड्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिले. दिवसभर तिच्याकडे नीट बघवलं नाही. म्हणून घरी येऊन, भाकरी टाकून झाल्यावर हे लिहायला बसले.

आपण दोघी आयुष्यभर अहिराणीत बोललो. लिहायला बसलं की मात्र माझ्या हातून शाळेतलीच मराठी येते. तू हसली असतीस. म्हणाली असतीस, शोभा मास्तरीण झाली.

तुला आठवतं, मी बाजारात पहिल्यांदा आले तो दिवस? यांच्या पायाला ट्रॅक्टरवरून पडून मार लागला होता, घरात मेथी उपटून ठेवलेली आणि विकायला जाणारं कुणी नाही. मी टोपली घेऊन बाजारभर फिरले. जिथे टेकावं तिथे कुणीतरी म्हणायचं, ही जागा अमकीची आहे. तू तुझं गोणपाट ओढून घेतलंस आणि शेजारी हाताने माती साफ केलीस. माझं नावही तेव्हा तुला माहीत नव्हतं.

संध्याकाळी आवराआवर करताना तू माझी पाण्याची बाटली उचलून पाहिलीस. ती घरून भरून आणली तशीच होती. "पानी का पेत नही वं?" तू विचारलंस. मी म्हटलं, तहान नाही लागली. वैशाखातलं ऊन होतं, अक्का, आणि मी तुला सांगत होते की तहान लागली नाही!  तुझी स्वतःची बाटलीही भरलेलीच होती.

सगळ्याच बायकांचं तसं होतं. पुरुष गोदामाच्या भिंतीआड जाऊन यायचे. आम्ही सकाळी घरून निघताना जे काही ते, नंतर थेट अंधार पडल्यावर. पूर्वी बाजारामागे पडीक रान होतं, तिथे दुकानं झाली. मग आम्ही पाणी पिणंच सोडलं. कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं, एकमेकींशीसुद्धा नाही. ओटीपोटात कळ आली की पाय आवळून बसायचं आणि गिऱ्हाइकाला भाव सांगायचा. मला दोनदा ताप भरून साक्रीला डॉक्टरकडे जावं लागलं. त्याने विचारलं, पाणी पिता का? मी त्यालाही खोटंच सांगितलं.

मग सुनंदा पडली.

लसूण घेऊन बसणाऱ्या काशीबाईची ही सून, तिला सातवा महिना होता. भर दुपारी ती वजन करता करता बाजूला कलंडली. तू मिरचीचं पोतं तसंच सोडून धावलीस. धुळ्याला नेईपर्यंत तिचं डोकं तुझ्या मांडीवर होतं आणि मी पदराने वारा घालत होते. डॉक्टरीणबाई रागावल्या. म्हणाल्या, बाईच्या अंगात पाण्याचा थेंब नाही, दोन जीव आहेत, तुम्ही बायका काय करता? काशीबाई भिंतीकडे बघत उभी राहिली. आई आणि बाळ दोघंही वाचली, ते आपलं नशीब.

 परतीच्या गाडीत तू एवढंच म्हणालीस, "आते बोलनं पडी."

आम्हाला वाटलं, तू बोलशील. तूच बोलायची होतीस ना? बाजारात तुझा शब्द चालायचा. भांडण झालं तर दोघी तुझ्याकडे यायच्या. म्हणून पुढच्या बाजाराला आपण पाच-सहा जणी ग्रामपंचायतीत सरपंचांकडे गेलो तेव्हा मी निवांत तुझ्या मागे उभी होते. सरपंचांनी विचारलं, काय काम काढलं? आणि तू बाजूला सरकलीस. माझा दंड धरून मला पुढे केलंस आणि म्हणालीस, "हाई सांगी."

अक्का, असं करतात का कुणाला? आधी एक शब्द तरी सांगायचास!  मी म्हटलं, बाजारात बायकांची फार अडचण होते. सरपंच म्हणाले, कसली अडचण? मी म्हटलं, दिवसभर बसावं लागतं, गैरसोय होते. ते समजुतीने मान हलवत होते. माणूस तसा वाईट नव्हता. पुढच्या बाजाराला आलो तर आमच्या डोक्यावर हिरवी जाळी बांधलेली! त्यांना वाटलं, आम्हाला ऊन लागतं.

तू त्या जाळीखाली बसून पोट धरून हसलीस. मला मात्र रडू येत होतं. मी तुझ्याशी भांडले. तुला सगळं नीट सांगता येत होतं, मग मला कशाला तोंडघशी पाडलंस, असं काय काय बोलले. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस की तू बोलली असतीस तर ती एका यमुनेची तक्रार झाली असती. तिला खुर्ची दिली असती, चहा पाजला असता आणि विषय तिथेच संपला असता. बाजारात एवढ्या बायका बसतात, तर एवढी तोंडं उघडली पाहिजेत. मग माझ्याकडे बघून तू म्हणालीस की माझं बोलणं अडचणीपाशीच अडलं, कारण मला खरा शब्द उच्चारायची लाज वाटते. "लाज आपले कसाले? लाज त्यासले वाटाले पाहिजे."

आणि मग तू शाळाच सुरू केलीस. गिऱ्हाईक नसेल तेव्हा एकेकीने तो शब्द मोठ्याने म्हणायचा. मुतारी. पहिल्यांदा तर आम्ही पदरात तोंड घालून नुसत्या खिदळायचो. काशीबाई रागाने पाठ फिरवून बसायची. म्हणायची, आमचं सगळं आयुष्य गेलं या बाजारात, आम्ही नाही का निभावलं? तू तिला कधी उलट बोलली नाहीस. एकदा एक माणूस माझ्यासमोर उभा राहिला, म्हणाला, ताई, काय आहे? आणि माझ्या तोंडून मेथीऐवजी मुतारीच निघालं. तो बिचारा तसाच पुढे गेला. तुझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत तू हसलीस. त्या दिवसानंतर तो शब्द मला जड वाटला नाही.

ग्रामसभेचा दिवस तुला माहीतच आहे, तरी लिहिते. मला तो पुन्हा पुन्हा आठवायला आवडतो. आपण सगळ्या एकत्र गेलो, तू दाराजवळ भिंतीला टेकून बसलीस. मी उभी राहिले. हात मागे बांधून घेतले. मी म्हटलं, "आम्ही बाजारच्या दिवशी पाणी पीत नाही. कारण बाईला लघवीला जायला जागा नाही. सुनंदा त्यामुळेच पडली. आम्हाला मुतारी आणि संडास पाहिजे."

 मागून एक जण फसकन हसला. सरपंच चष्मा पुसत म्हणाले की मागणी रास्त आहे, पण ही सभा गावच्या मतदारांची, तुम्ही बहुतेक बाहेरगावच्या, तेव्हा तुम्ही अर्ज द्या, बघू. मी खाली बसणारच होते. तेवढ्यात कोपऱ्यातून काशीबाई उठली. ती त्याच गावची. आपल्याबरोबर ती आली नव्हती, एकटीच येऊन बसली होती. तिने सरपंचांना सांगितलं की ती मतदार आहे आणि हीच मागणी तिची आहे, तिच्या नावाने घ्या. मग मागे वळून त्या हसणाऱ्याकडे बघितलं. तो तिचा पुतण्याच निघाला.

"दिन्या, तुनी माय बी याच बाजारमा बसे," ती म्हणाली. "हास आते."

कुणी हसलं नाही. दिन्या उठून बाहेरही गेला नाही, मान खाली घालून बसून राहिला. ठराव झाला. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू काशीबाईकडे बघत होतीस, आणि तुझ्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू तू तिचीच वाट बघत होतीस. तुला माहीत होतं का गं, ती येईल म्हणून? हे मी तुला कधी विचारलंच नाही.

पुढचं काम मात्र तू अगदी आमच्यावर सोडलंस. पंचायतीने जागा ठरवली ती नाल्याकाठी, दारूच्या दुकानामागे. सुनंदा कडेवर लेकरू घेऊन त्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि ठेकेदाराला म्हणाली, इथे तुमची बायको संध्याकाळी एकटी येईल का? येणार असेल तर बांधा. अक्का, ही तीच सुनंदा, जी भाव सांगतानाही सासूकडे बघायची. तालुक्याला खेटे घालायचे ते आम्ही, साहेबांशी बोलायचं ते आम्ही. आणि तू? तू बाजारात आमच्या सगळ्यांचे ढीग सांभाळत बसायचीस. इकडे मिरची तोलायची, तिकडे लसूण, पलीकडे वांगी. माझी मेथी तू दर वेळी स्वस्तात फुंकून टाकायचीस. हा राग अजून आहे बरं का माझा! पण कुणी विचारलं की तुमची पुढारी कोण, तर त्या विस्कटलेल्या ढिगांच्या मधोमध बसलेली तू आम्हाला दिसायचीस. आणि तू आमच्याकडे बोट दाखवायचीस.

शेवटी बाजाराच्या तोंडाशी, दिव्याच्या खांबाजवळ बांधकाम झालं. दाराला कडी, आत पाणी. त्या दिवशी दुपारी काशीबाईने बाटली तोंडाला लावली आणि घटाघट पाणी प्यायली, सगळ्यांच्या देखत. मग आम्ही सगळ्याच प्यायलो.

तू गेलीस ते थंडीत. छातीत कफ झाला, धुळ्याला नेलं आणि बाजारच्या दिवशीच निरोप आला. त्या दिवशी बायका न विकलेला माल तसाच घेऊन तुझ्या गावाला आल्या. मी तुझ्या पायाशी बसले होते आणि एकच गोष्ट मनात येत होती, की मी तुझे आभार कधी मानलेच नाहीत. मानायला गेलं की तू म्हणायचीस, गिऱ्हाईक बघ आधी. आता इथे लिहिते, आता तुला मला थांबवता येणार नाही. तुझ्यामुळे मला माझा आवाज ऐकू आला, अक्का. यांनाही तो ऐकू आला. आमच्या घरात आता काही ठरवायचं असलं की हे आधी मला विचारतात, आणि मी लगेच उत्तर नाही दिलं तर थांबतात. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

आणखी एक सांगायचंय, ते तू गेल्यानंतरचं आहे. माझी वैष्णवी आता सातवीत आहे. आखाजीच्या सणाआधी एकदा शाळेतून घुश्श्यात घरी आली. मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नाही, एकीने आत जायचं तर दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. मला म्हणाली, आई, तू उद्या शाळेत ये, हेडमास्तरांना सांग, तुला बोलता येतं.

मी हो म्हणणार होते. साडी कोणती नेसायची तेही मनात ठरवलं होतं. मग मी थांबले. तिला म्हटलं, मी येते, पण आत तू जायचं. ती खूप रुसली. मला म्हणाली, मला नाही जमणार, सगळे हसतील. मी म्हटलं, हसू देत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या आवारात चिंचेखाली उभी राहिले. ती दोन मैत्रिणींना घेऊन ऑफिसात गेली. दार उघडंच होतं. तिचा आवाज सुरुवातीला चिरकला, मला वाटलं आता रडते. जाऊन तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पाऊल उचललंही होतं. तेव्हा मला कळलं, अक्का, मागे उभं राहणं किती अवघड असतं ते. ग्रामपंचायतीत माझा दंड सोडताना तुलाही असंच झालं असेल, आणि मी मात्र तुझ्याशी भांडत बसले होते. पण वैष्णवीने सगळं सांगितलं, कडीपासून ते पाण्याच्या बादलीपर्यंत. हेडमास्तरांनी कडी बसवायला शिपायाला तिच्यासमोरच हाक मारली. ती बाहेर आली ती मला न बघता, मैत्रिणींशी बोलत, सरळ वर्गाकडे निघून गेली. मी चिंचेखाली एकटीच हसत उभी होते.

पुढच्या महिन्यात मला यावलकडे जायचं आहे. केळीच्या बागांत कामाला जाणाऱ्या बायकांनी बोलावलं आहे. त्यांना माल भरलेल्या टेंपोवर बसून घरी जावं लागतं, त्याबद्दल त्यांना काही करायचं आहे. भाषण द्या, असं म्हणाल्या. मी जाईन. पण तुला शब्द देते, भाषण करून टाळ्या घेऊन येणार नाही. त्यांच्यातली सगळ्यात मागे, पदर ओढून बसलेली बाई शोधीन, तिच्याशेजारी बसेन, आणि ती स्वतःच्या तोंडाने बोलेपर्यंत तिथून उठणार नाही. शेवटची एसटी चुकली तरी चालेल.

तुझ्याच शेजारची,
शोभा