दोन डब्यांचा गोंद

९ डिसेंबर, दुपार

नकटे,

आशीर्वाद. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने मातीत उकरलेलं, तरी लिहिते आहे. हे फोनवर तोंडातून निघणार नाही.

गारठा फार आहे. गुडघे कुरकुरतात. शेजारच्या सुताराची बायको रोज डबा आणते; मीठ विसरते, चौकशा मात्र विसरत नाही.

तुझा बाप इस्पितळात आहे, हे सुताराने कळवलंच असेल. होडी सांधायचा गोंद तापला, धूर छातीत गेला, एवढंच ना? उरलेलं मी सांगते.

गेल्या हिवाळ्यापासून त्या गोंदाने त्याचं कातडं धरलं होतं. मनगटं सोललेली, डोळ्यांच्या नुसत्या फटी. मग दम लागायला लागला. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर घेऊन सांगितलं, "आजी, याच्या अंगाला हे आता चालायचं नाही. हातमोजे घालूनही नाही." घरी येऊन म्हटलं, "सोड रे बाबा." तर म्हणे, "आई, एवढी एक होडी. सांधे भरले की झालं." मागच्या होडीलाही मेला हेच म्हणाला होता. हा शब्द खोडणार होते. राहू दे.

गोंदाचे दोन्ही डबे माझ्याच खोलीत असायचे, एकात रेझिन, दुसऱ्यात ते घट्ट करणारं हार्डनर. थंडीत रेझिन जुन्या मधासारखं रवाळ होतं, म्हणून उबेला. ते फळीच्या एका टोकाला, हार्डनर दुसऱ्या टोकाला. झाकणं अदलाबदल झाली तर घर डोक्यावर घ्यायचा. कालवायचा तेही वाटीभर, आणि लगेच पसरट ताटलीत ओतायचा. मला वाटायचं, कंजूष आहे.

त्या सकाळी तो फळ्या आणायला गेला. नवा माल यायला महिना लागतो. म्हटलं, दोन्ही एकत्र केलं की दगड होईल, आणि महिनाभर तरी याची छाती सुटेल. डबे बादलीत रिते केले, काठीने ढवळलं, आणि त्याला दिसावी म्हणून बादली शेडमध्ये होडीला लागून ठेवली.

वाटीभर कालवलं तर नुसतं कोमट होतं. बादलीभर उकळतं, हे मला कुठं ठाऊक? धूर निघाला, बादली वाकायला लागली. तेवढ्यात तो आला. मी दारातच. "पाणी ओतू का रे?" म्हटलं.

"आई, बाजूला हो!" म्हणाला, आणि होडी वाचवायला बादली कवटाळून बाहेर नेली. अंगणात खाली बसला तो बसलाच.

होडीला काही झालेलं नाही.

काल तोंडावरचा मास्क सरकवून मला विचारतो, "मीच कालवून विसरलो असेन ना गं? डोकं चालत नाही हल्ली." मी त्याचं पांघरूण सारखं केलं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, घरी न्यायची आशा धरू नका.

तुझं-त्याचं बोलणं बंद आहे, ते तुमचं तुम्ही बघा. पण माझी चूक आपल्या माथी घेऊन तो जाणार असेल, तर मला ते चालायचं नाही. मी सांगणार आहे त्याला. तू आल्यावर. ऐकल्यावर त्याला माझ्या हातचं पाणी नको झालं, तर दुसरा हात जवळ हवा.

मिळेल ती गाडी पकड.

ज्या हाताने ढवळलं त्याच हाताने लिहिणारी,
तुझी आजी