भिंत किती जाड

६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं टपाल पोचलं. दाबपात्राचं रेखाटन मी सहज बघा म्हणून पाठवलं होतं, तुम्ही त्याची पार सरकारी तपासणी केलीत. बॉयलर तपासनीस निवृत्त झाले, त्यांची लाल पेन्सिल मात्र अजून सेवेत आहे हे पाहून आनंद झाला. भिंतीची जाडी खोडून दुप्पट केलेली, ‘पातळ, सबब नामंजूर’ असा शेरा आणि खाली झोकदार सही!

आता जरा समजून घ्या. पात्रात वाटाण्याएवढा नमुना बसतो. प्रेसखाली त्यावर दाब चढवायचा, नट आवळून तो दाब आत कोंडायचा, मग पात्र हेलियमने पार गारठवून न्यूट्रॉनच्या झोतात धरायचं. झोत तांबेमिश्रित धातूच्या भिंतीतून आत शिरतो, नमुन्यावर विखुरतो आणि भिंतीतूनच बाहेर येतो. त्या विखुरण्यावरून दाबाखाली अणू कसे सरकले ते कळतं. भिंत जाड केली की झोत तिच्यातच अडकतो. तुमच्या बॉयलरमधून कुणाला आरपार बघायचं नसायचं, हे तुमचं भाग्य.

झोतावर आमची पाळी पुढच्या महिन्यात आहे. पात्र चाललं नाही तर प्रयोगशाळेचे साहेब पात्रं बाहेरून मागवणार आणि मला पंपांच्या देखभालीवर बसवणार. तेव्हा आशीर्वाद पाठवा, जाडी नको. आईला नमस्कार.

लोभ चालू ठेवा, पेन्सिल खाली ठेवा.
तुमची,
ठकी

१४ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पंपांची देखभाल हे फार चांगलं काम आहे. पंपाशेजारी माणूस सुखाने म्हातारा होतो.

मी जन्मभर फुटलेले बॉयलर पाहिले. भिंत पातळ होती हे सांगायला तिथे सहसा कोणी उरलेलं नसे, म्हणून ते आम्हाला सांगावं लागे. तुझी आई म्हणते, पोरगी एवढी शिकली, तिला कळत असेल. मी म्हटलं, धातूला तिची पदवी वाचता येत नाही. शेरा कायम.

मायेत कसलीही काटछाट नाही.
तुझा,
बाबा

१९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन. तुमचं पात्र तयार झालं.

आमच्या वर्कशॉपात लाल पेन्सिल म्हणजे साहेबांचा शेवटचा शब्द, अशी पद्धत आहे. मी घाईत ट्रेमध्ये नेमकी तुमचीच प्रत टाकली. सहीचा दरारा असा, की कुणी चकार शब्द काढला नाही. पात्र हातात आलं तेव्हा पाळी तोंडावर आली होती, दुसरं करायला वेळ नव्हता. तेच लावलं. गार व्हायलाच त्याने युग घेतलं, आणि शेवटी पडद्यावर दिसलं ते फक्त भिंतीतलं तांबं. तांब्याचे अणू कसे बसतात हे जगाला आधीच ठाऊक आहे.

सही करणारा हा अधिकारी कोण, असं साहेबांनी विचारलं. वडील, म्हणून सांगितलं. त्यांनी ती प्रत घडी घालून माझ्या हातात परत ठेवली.

एका गटाने पुढच्या महिन्यातली पाळी सोडली आहे, ती मला शेवटची संधी म्हणून दिली. या वेळी भिंत पातळच. दोन पात्रं करणार आणि त्यातलं एक फुटेपर्यंत दाबून बघणार. तुमच्यावर राग आहे, स्वतःवर त्याहून जास्त.

राग ओसरेपर्यंत लोभ तुमच्याकडेच ठेवा.
ठकी

२८ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. रागाचं वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं. कागद ट्रेमध्ये मी टाकला नव्हता, एवढं नोंदवून पुढे जातो.

झोताचं आता डोक्यात शिरलं. भिंत पातळच हवी. शेरा मागे घेतो, नोकरीत हे कधी केलं नव्हतं.

पण आमच्या खात्यात नकाशावर माणूसही काढायची पद्धत होती, हा इथे उभा राहून काम करील म्हणून. तुझ्या रेखाटनात नट आहे, वॉशर आहे, वाटाणासुद्धा आहे. तू कुठेच नाहीस. दाब चढवताना कुठे उभी असतेस? दाबमापकाच्या काट्यावर डोळे लावून, प्रेसला नाक टेकून असशील. सोबतच्या कागदावर तुला काढलं आहे. प्रेस आणि तू यांच्यामध्ये पोलादी प्लेट उभी कर, काटा आरशात बघ. प्लेटची जाडी मी ठरवली आहे, तिथे तुझं काही चालणार नाही.

मला भीती वाटते, पोरी. पहिल्यापासून तेवढंच होतं.

बाबा

२३ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाळी पार पडली. नमुन्याचे ठिपके स्वच्छ उमटले, अणू सरकलेले दिसले. साहेबांनी पंपांचं नावही काढलं नाही.

तुम्ही काढलेल्या काडीच्या बाईला दोन वेण्या आहेत. मी चाळिशी ओलांडली हे तुम्हाला कुणीतरी कळवायला हवं होतं. प्लेट बसवताना सगळं वर्कशॉप हसलं, मीही हसले. रणगाडा कधी येतोय, असं एकाने विचारलं.

फोडायचं पात्र अपेक्षेच्या बरंच आधी फुटलं. मी आरशात बघत होते, काटा एकदम शून्यावर आला एवढंच दिसलं. भिंतीचा तुकडा प्लेटमध्ये रुतून बसला आहे आणि प्लेटला माझ्या बाजूने टेंगूळ आलं आहे, बरोबर माझ्या गळ्याच्या उंचीवर. दुसऱ्या पात्रावर मग त्याच्या खूप खालचा दाब ठेवला. हसणारे लोक अजून येऊन त्या टेंगळावर हात फिरवून जातात. हा मजकूर आईला वाचून दाखवू नका.

नव्या पात्राचं रेखाटन सोबत आहे. भिंतीकडे बघू नका, ती पातळच आहे. डावीकडे प्लेटमागे मी स्वतःला काढलं आहे, वेण्यांसकट. लाल पेन्सिल घ्या आणि नीट उभी आहे का तेवढं तपासा.

तुमची,
ठकी