पाय ओढत चालणारा माणूस

४ नोव्हेंबर, सेओग्विपो
पोहोचलो. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर कोरियाच्या दक्षिणेला, जेजू बेटावर सहा दिवस एकटा. संकल्प: दिवसाला आठच किलोमीटर. संपूर्ण मौन. आत्मचिंतन.
निघण्यापूर्वी मोकपोला वहिनीला फोन केला. नऊ तारखेला दादाचं पहिलं वर्षश्राद्ध, पण बुकिंग आधीच झालंय, येता येणार नाही म्हटलं. ती फक्त 'बरं' म्हणाली. समजूतदार आहे.
हे पळून येणं नव्हे.

५ नोव्हेंबर
एकोणीस किमी झाले. दोष माझा नाही. मागून कुणीतरी येत होतं, डावा पाय किंचित ओढत. दादा तसा चालायचा. म्हणून काही नाही, कितीतरी माणसं तशी चालतात. वळून पाहिलं तर संत्र्यांची बाग आणि काळे दगडी बांध. दगडांच्या फटींतून वारा जातो, त्याचा आवाज. विषय संपला.
उद्यापासून हळू.

६ नोव्हेंबर
१०.१० समुद्राकडे तोंड करून चिंतनाला बसलो.
१०.१४ चिंतन झालं. पाय ओढल्याचा आवाज अगदी जवळ होता.
तेवीस किमी.
दुपारी खानावळीत बाईनं दोन वाडगे शेवया आणल्या. एकटाच आहे म्हटलं. ती म्हणाली, दारातून तुम्हीच ओरडलात, दोन द्या म्हणून! कानानं अधू असावी बिचारी. दोन्ही संपवले. अन्न वाया घालवू नये.

७ नोव्हेंबर
एकवीस किमी. मौन उत्तम चाललंय.
संध्याकाळी खोलीची मालकीण, बू आजी, दारात येऊन बसली. चाळीस वर्षं समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायची. विचारते कशी, काय रे बाबा, तू गप्प बसायला आलायस ना? माझ्या बहिणीच्या बागेवरून गेलास तेव्हा तुझी टकळी चालूच होती म्हणे! कोण हा दादा?
म्हटलं, श्वासाचा व्यायाम करत होतो.
ती म्हणाली, श्वास सोडताना 'पुढच्या वर्षी नक्की, दादा' असं म्हणतात होय तुमच्या शहरात?
डोकं दुखतंय. लवकर झोपतो.

८ नोव्हेंबर
आज आठच किमी. संकल्पाप्रमाणे. (उतारावर धावताना घोटा मुरगळला.)
धावायचं कारण नव्हतं. मागचा माणूस धावत नव्हता. तो फक्त थांबत नव्हता.
बू आजीनं घोट्याला फडकं बांधलं. म्हणाली, माझी मैत्रीण माझ्या शेजारी बुडाली. अजून पाण्यात हाक मारते. मी तिला शिव्या घालते, खरं काय ते सांगते, मग गप्प बसते मेली. तूही सांगून टाक.
सांगण्यासारखं काही नाही.
एवढंच की जेजूला चालायला जाऊ हे दादा म्हणाला होता. तीनदा. शेवटचं इस्पितळातून. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की. तेव्हा कामं फार होती.
फार नव्हती. त्याच्याबरोबर फार हळू चालावं लागतं, ह्याचा मला कंटाळा यायचा.

९ नोव्हेंबर, सकाळी
श्राद्ध इथेच करायचं ठरवलं. आजीनं भात, मासा, पेलाभर दारू मांडून दिली. घोट्यामुळे वाकता येईना, बसूनच नमस्कार केला. काल लिहिलं ते मोठ्यानं म्हटलं. मग कान देऊन बसलो. काहीच ऐकू आलं नाही. साधा वारासुद्धा नाही. इतका वेळ तो मागे होता तेच बरं होतं.

९ नोव्हेंबर, दुपारी
वहिनीला फोन केला. म्हटलं, दादाचं श्राद्ध इकडे यथासांग केलं.
ती म्हणाली, भावोजी, श्राद्ध तिथीनं असतं. दहा-बारा दिवसांपूर्वीच झालं.
म्हटलं, मग मी निघताना फोन केला तेव्हाच का नाही सांगितलंत?
म्हणाली, तुम्ही येणार नव्हतात ना.
मग तिनं विचारलं, किती चाललात? एकाहत्तर किमी, मी जरा अभिमानानंच सांगितलं.
मग म्हणाली, ह्यांना दिवसाला दोन झेपले असते.
म्हटलं, दोन तर दोन, मला जमलं असतं वहिनी, आरामात जमलं असतं.
तिनं फोन आधीच ठेवला होता.