परत दिलेल्या वेण्या

प्रिय ताई, धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. चित्रं काढायला लागल्यापासून झोपही लागते. तू काळजी करू नकोस. भावजींचा खोकला कसा आहे?

इथल्या चित्रप्रदर्शनाच्या भिंतीवर मी मिशनच्या बोर्डिंगातल्या आपल्या सगळ्या आदिवासी मुली काढल्यात. बोर्डिंगात आल्याच्या पहिल्याच दिवशी सिस्टरनी कापलेल्या वेण्या मी चित्रात प्रत्येकीला परत दिल्या, पार जमिनीपर्यंत.

व्यवस्थापक म्हणाले, "बाई, तुमच्या लोकांची चित्रं कशी आनंदी असतात! हे केस जरा कमी करा, दारावर येताहेत."

म्हटलं, "मग दार दुसरीकडे करा. हे केस एकदा कापून झालेत."

तुझी वेणी तेवढी रंगवायची राहिली आहे. कुठवर होती गं? लाजू नकोस, वाढवून सांग.

तुझीच,
धाकटी