सहाजणी आणि एक ठोंब्या

प्रिय ठोंब्या,

तीन आठवड्यांत लग्नाच्या रजिस्टरवर सही करणाऱ्या माणसाला या नावानं हाक मारू नये, एवढं मलाही कळतं. पण तुझं खरं नाव मी रागावलो की मगच घेतो, आणि आज मी रागावलेलो नाही. तुझा निरोप येऊन सात आठवडे झाले. चारच ओळी होत्या. तारीख ठरली, नोंदणी कार्यालयात सकाळी अकराला, साक्षीदार म्हणून ऑफिसातले तीन मित्र येतील, घरचं कुणीच नसेल, वाईट वाटून घेऊ नका. मी उत्तर दिलं नाही. काय देणार? त्याआधी तू आनंदानं फोन केलास तेव्हा तुझं अभिनंदन करायच्या आत मी विचारलं होतं, आई येणार आहे का म्हणून. तू हो म्हणालास आणि मी म्हणालो, मग मला धरू नकोस. फोन ठेवला तेव्हा, खरं सांगतो, मला आपण जिंकल्यासारखं वाटलं होतं. आठ दिवसांनी तुझा निरोप आला आणि मी सपशेल तोंडावर आपटलो.

त्या आठवड्यात दुकानात माझं लक्ष नव्हतं. एका शिक्षकांना मी डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली, आणि तो भला माणूस दोन दिवस जिन्यावरून धडपडत राहिला. बत्तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. सुट्टीच्या दिवशी काहीतरी करायचं म्हणून तुझी खोली आवरायला घेतली. खोली कसली, आई आणि मी वेगळे झाल्यावर शनिवार-रविवारपुरती तुझी असलेली ती बाजूची जागा. खालच्या फळीवर, जुन्या वह्यांच्या मागे, तुझ्या त्या जपानी कार्टूनच्या डिस्कचा खोका सापडला. त्याला कार्टून म्हटलं की तू चिडायचास, अ‍ॅनिमे म्हणा म्हणायचास. तुला आठवतं का, तू पंधरा वर्षांचा असताना मी मागून आलो तेव्हा पडद्यावर एक मुलगी टॉवेल गुंडाळून किंचाळत होती. मी तुझी नको तेवढी शोभा केली होती. लाज नाही का, इथपासून सुरुवात होती. तू मान खाली घालून एवढंच म्हणालास, की मी त्यासाठी नाही बघत. मग कशासाठी, हे मी विचारलंच नाही. एवढ्या वर्षांनी ते विचारावंसं वाटलं, पण तू समोर नव्हतास, म्हणून खोक्यातली पहिली डिस्क लावली.

आता तुझ्या त्या नायकाबद्दल बोलतो. शाळेत हरवलेल्या वस्तूंची एक खोली, आणि हा तिचा राखणदार. सहा मुली आपापली हरवलेली वस्तू न्यायला येतात. कुणाची छत्री, कुणाचा हातमोजा, कुणाच्या सुरांची वही. वस्तू मिळते, तरी एकही परत जायचं नाव घेत नाही. रोज दुपारी सगळ्या तिथेच. एक सारखी संतापलेली, एक लहानपणापासूनची शेजारीण, एक धावपटू, एक चष्मेवाली (तिच्या चष्म्याला नाकावरच्या गाद्याच नाहीत, तो टिकतो कसा हे चित्रकारालाच माहीत), एक मुकाट्यानं चेलो, म्हणजे ते मोठं व्हायोलिन, वाजवणारी आणि एक जिचं काय हरवलंय ते तिलाच ठाऊक नाही. सहाही जणींचा जीव याच्यावर, आणि या पठ्ठ्याला पत्ता नाही. मुली डबे आणतात, हा म्हणतो आज भूक नाही. मुली रडतात, हा विचारतो डोळ्यांत काही गेलं का. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतकं जवळचं न दिसणारा माणूस मी आयुष्यभर डोळे तपासूनही पाहिला नव्हता. तरी मी दुसरी डिस्क शोधू लागलो, हे लिहून ठेवायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या मावशींना सांगितलं. काचा घासणाऱ्या मावशी, ज्या तुला लहानपणी चष्म्याच्या रिकाम्या डब्या खेळायला द्यायच्या. मला वाटलं हसतील. तर मावशी स्वतःच असली अ‍ॅनिमे कोळून प्यायलेल्या निघाल्या! म्हणाल्या, या प्रकाराला हॅरेम म्हणतात. म्हणजे जनानखाना की, मी म्हणालो, आंधळा मागतो एक डोळा आणि याला देवानं सहा दिले, पुरुषांना आवडायला अजून काय हवं. मावशींनी काचा घासायचं चाक बंद केलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं, पुरुषांचं पुरुषांपाशी, पण बघणारी त्यांच्यासारखी बाईमाणसंही ढीगभर आहेत. प्रत्येक बघणारा आपली एक मुलगी धरतो आणि तिच्यासाठी भांडतो. मावशी रागीट मुलीच्या बाजूच्या, कारण जी सारखी ओरडते तिचंच आत जास्त दुखत असतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक. शिवाय तो मुलगा काही शूर नाही, देखणा नाही, हुशार तर नाहीच नाही. तरी त्याची वाट बघणारं कुणीतरी आहे. दिवसभर ज्याला कुणी ढुंकून विचारत नाही अशा माणसाला संध्याकाळी अर्धा तास हे पाहून बरं वाटणार नाही तर काय, असं म्हणून त्यांनी चाक पुन्हा सुरू केलं. मी त्या संध्याकाळी घरी गेलो, दार उघडलं, आणि मला मावशींचं म्हणणं पटलं.

पण खोक्यात दुसरी डिस्क नव्हतीच. पहिलीनंतर तिसरी, मग पाचवी, सातवी, नववी, अकरावी. तू निम्म्या हरवल्यास असं समजून मी तशाच लावल्या. पहिल्या डिस्कमध्ये ती धावपटू त्याच्या तोंडाकडे बघत नाही, आणि तिसरीत तिच्या घोट्याला यानं बांधलेली पट्टी! मधे काय झालं? कोण पडलं, कोणी उचललं? पाचवीपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग एक नंबर फिरवला, जो मी अकरा वर्षांत फिरवला नव्हता. तुझ्या आईचा. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं, यावर तू हसणार. तिनं उचलल्यावर मी कागद बाजूला ठेवला आणि एका दमात विचारलं, की त्याच्या त्या सहा मुलींच्या डिस्का तुझ्याकडे आहेत का. मग तिनं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, तिची पावलं, एक कपाट, एक खण. परत येऊन तिनं वाचून दाखवलं. दोन, चार, सहा, आठ, दहा, बारा.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, बुद्धिबळाची पांढरी मोहरी तुझ्याकडे आहेत का. होती. काळी तू हरवलीस म्हणून मी तुला रागावलो होतो आणि नवा संच आणला होता. तिनं पांढऱ्यांसाठी हेच केलं होतं. मग यादीच निघाली. नकाशांचं पुस्तक माझ्याकडे आणि पृथ्वीचा गोल तिच्याकडे, कंपासपेटी इकडे आणि तिच्यातला कंपास तिकडे. आम्ही तुला वेंधळा म्हणायचो, दोन्ही घरांत, अगदी एकमतानं. आमचं एकमत झालेली बहुधा ती एकच गोष्ट, आणि तीही चुकीची. दहा वर्षांचं पोर सगळी वाटणी मोजूनमापून करत होतं, कुठल्याच घराला जास्त मिळू नये म्हणून, आणि कुठल्याही घरात त्याचं स्वतःचं पुरं असं काही नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी मी माझ्या सहा डिस्क घेऊन तिच्याकडे गेलो. जिन्यात दोनदा थांबलो. तिचे केस पांढरे झालेत, तू आता वेगळा राहतोस तरी येऊन-जाऊन बघतोस, म्हणून तुला जाणवत नसेल. अजून त्याच लॅबमध्ये रक्त घेते, आणि सुई टोचायच्या आधी माणसाला त्याच्या गावची हवा विचारायची तिची खोड मला चहा देतानाही लागू झाली. दोन खुर्च्यांमध्ये तिनं मुद्दाम एक स्टूल ठेवलं होतं. आम्ही पहिल्या डिस्कपासून लावलं. दोन रविवार आम्ही फक्त पडद्याशी बोललो. तिसऱ्या रविवारी भांडलो. ती शेजारणीच्या बाजूची आणि मी चेलोवालीच्या. ती म्हणाली, मुकाट बसून समोरच्यानं ओळखावं अशी अपेक्षा करणाऱ्यांचं असंच व्हायचं. मी म्हणालो, सगळं आधीपासून आपलंच आहे असं धरून चालणाऱ्यांचंही. मग दोघांनाही कळलं की आपण त्या मुलींबद्दल बोलत नाही आहोत, आणि ती उठून चहा ठेवायला गेली.

नवव्या डिस्कच्या आसपास मला तो मुलगा कळला. तो ठोंब्या नाही रे. त्यानं डोळ्यांवर कातडं ओढून घेतलंय, जाणूनबुजून. एकीचं नाव घेतलं की उरलेल्या पाचजणी जातील आणि खोली रिकामी होईल, हे त्याला पक्कं माहीत आहे. ज्याला सगळीच माणसं हवी असतात त्याला न दिसल्यासारखं करावं लागतं. तू हे कशासाठी बघायचास ते मला त्या रविवारी समजलं. अर्धा तास का होईना, कुणाला निवडायचं नव्हतं, कुणी घर सोडून जात नव्हतं.

आणि मला ती दुपार आठवली, जिच्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू दहा वर्षांचा. तुझा नंबर तपासायला मी तुला दुकानातल्या उंच खुर्चीवर बसवलं, तपासणीची ती जड फ्रेम तुझ्या नाकावर चढवली आणि काचा बदलत नेहमीसारखं विचारत गेलो, हे बरं की हे बरं. त्याच सुरात, काच हातात असतानाच, मी विचारलं की आईकडे राहायचंय की माझ्याकडे. तू म्हणालास, दोन्ही सारखंच. आमच्या कामात हे उत्तर आलं की आम्ही खूश होतो, कारण दोन्ही काचा सारख्या वाटल्या म्हणजे नंबर बरोबर जुळला, तपासणी संपली. पण मी म्हणालो, असं कसं, नीट बघून एकच सांग. तू बराच वेळ समोरच्या अक्षरांकडे पाहत राहिलास आणि मग आई म्हणालास. मी फ्रेम काढून घेतली. तुझा नंबर लिहिलाच नाही. चष्मे करणाऱ्याचा मुलगा सहा महिने जुन्या चष्म्यानं शाळेत गेला आणि शेवटी तुझ्या आईनं दुसऱ्या दुकानातून नवा करून घेतला. तेव्हा मला वाटलं तिनं मुद्दाम माझं नाक कापलं. ठोंब्या, मला माफ कर. हे वाक्य मी या पत्रात कुठेतरी गुळमुळीत करून टाकणार होतो, पण ते सरळच लिहितो. मला माफ कर.

शेवटची डिस्क आम्ही गेल्या रविवारी पाहिली. तो शेजारणीचं नाव घेतो, तुला माहीतच आहे. तुझी आई जिंकली आणि तरी रडली. मला वाटलं, झालं, आता ती खोली ओस पडणार. दुसऱ्या दिवशी तो दार उघडून एकटाच बसलाय. मग एकेक करून उरलेल्या पाचही जणी येतात. चेलोवाली सगळ्यांत शेवटी, डोळे सुजलेले, आणि आपल्या रोजच्या जागेवर बसते. मी तिच्याकडे बघतच राहिलो. निवड त्या मुलानं केली होती, पण खोली भरलेली ठेवायचं काम नाव न घेतलेल्यांचं होतं, आणि ते तिनं केलं. मी नाही केलं. तू आई म्हणालास आणि मी रुसलो. तुझ्या पोहण्याच्या स्पर्धेला आलो नाही, कारण ती येणार होती. तू पदवी घेतलीस तेव्हा आलो नाही. शनिवारी तू माझ्याकडे यायचास, आणि मी तुझ्या वाटेला एकदाही गेलो नाही. फार वाट पाहिली मी तुझी, पण सगळी घरात बसून.

तर हे सात आठवड्यांचं उत्तर. तुझ्या आईला तू तोच निरोप पाठवला होतास, हे तिनं मला परवा सांगितलं. तुझ्या लग्नात नेसायची म्हणून तिनं कधीचं एक पातळ आणून ठेवलंय, ते तिनं घडीसुद्धा न मोडता परत कपाटात ठेवलं होतं. हे पत्र तिनं लिहावं असं मी सुचवलं, तर म्हणाली, तू मोडलंस, तूच जोड. म्हणून विचारतो. साक्षीदार तीन लागतात. तुझे मित्र चांगलेच असतील, त्यांच्या हातून पेन काढून घ्यायचं नाही. पण त्यांतल्या दोन ओळी अजून कोऱ्या असतील, तर एकीवर ती सही करेल आणि एकीवर मी. वरची कुणाची आणि खालची कुणाची हे तुला ठरवायचं नाही, ते आम्ही आमचं बघू. आणि त्या कोऱ्या नसतील, तर आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसू, तुम्ही सही करून बाहेर येईपर्यंत. तू नको म्हणालास तरी त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मी तिथे असेन, समोरच्या फुटपाथवर, तुला अडचण होणार नाही एवढ्या अंतरावर. पण जमलं तर एकदा या म्हण. दोघांना मिळून एकदाच म्हण, वेगवेगळा फोन करू नकोस.

तुझाच,
बाबा